गुरांमागची पोरं

वारकऱ्यांच्या कल्पनेत देव स्वतःच गुराखी आहे. रानात सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडून तो काला करतो आणि सगळ्यांना सारखा वाटतो. त्याच वारकऱ्यांच्या आळंदी-देहूच्या टापूत, भोसरी-चाकणच्या शाळांमधून, पाढे चुकणाऱ्या पोराला ठरलेली धमकी ऐकायला मिळे : नाही शिकलास तर गुरं राखशील! काल्याच्या पंगतीत देवाशेजारी बसणारं पोर मास्तरांच्या धमकीत कसं येऊन पडलं, याचा माग काढला तर आपले बालपणाविषयीचे विचार कसे बदलत गेले ते कळतं.

पहिला स्वच्छ हिशेब मांडला तो जोतीराव फुल्यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. पण कुणब्याचं पोर शाळेत का टिकत नाही, याचं कारणही त्यांनी सांगितलं. घरात दारिद्र्य इतकं, की गुरं राखायला आणि शेताकडे बघायला पोराचेच हात लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. फुल्यांनी आईबापांना दोष दिला नाही. पोर गोठ्यातून उठलं तर त्याच्या कामाची भरपाई कोण करणार, हा त्यांचा सवाल होता.

पुढे सक्ती आली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात तिचा हुकूम काढला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2010 पासून लागू झाला. भरपाईचा हिशेब मात्र अर्धाच राहिला. मधल्या काळात शाळेची प्रतिष्ठा वाढत गेली आणि गोठ्याची उतरत गेली. गुरं राखणं ही गरिबीची अडचण होती. ती पोराच्या नालायकीची खूण ठरली.

प्रत्यक्षात त्या कामात शिकण्यासारखं पुष्कळ असतं. धार काढण्याआधी वासरू थोडं लुचतं, गाय पान्हा सोडते आणि मग वासराला ओढून बाजूला धरायचं असतं. हे काम बहुधा पोराकडेच. दावं हाताला गुंडाळून धरायचं नाही, वासरानं हिसका दिला की मनगट जातं, हे घरातलं कुणीतरी वडीलधारं एकदाच सांगतं. त्याच गोठ्यात विजेवर चालणारं कुट्टीयंत्रही असतं. त्यात कडबा सारताना हात थोडा पुढे गेला, तर सांगायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा गोठ्यातलं सगळंच काम गोड किंवा सगळंच वाईट म्हणून मोकळं होता येत नाही.

कायद्याने वाट काढली ती नात्याच्या आणि घड्याळाच्या आधाराने. बालमजुरीविरोधी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेचं नुकसान न होता घरच्यांना मदत करता येते. पुढच्या वर्षीच्या नियमांनी ही मदत दिवसाला तीन तासांवर आणली आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ पूर्ण बंद ठेवली. हेतू चांगला आहे. पण गाईची सकाळची धार आठच्या कितीतरी आधी निघते. नियम अक्षरशः लावायचा तर पोराला वासरू धरायला लावणारे आईबाप रोजच तो मोडतात.

नात्याची कसोटी तर त्याहून कच्ची. हिंजवडीच्या पलीकडे कासारसाईला साखर कारखाना आहे. अशा कारखान्यांवर हंगामात ऊसतोड कुटुंबं बैलगाड्या घेऊन येतात. बैल घरचे, आईबाप सख्खे, आणि बैलांपुढे वाढं टाकणारं, त्यांना पाणी दाखवणारं पोरही त्यांचंच. पण दिवाळीनंतर गावची शाळा सुटते ती हंगाम संपेपर्यंत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार जगातल्या 13.8 कोटी बालमजुरांपैकी 61 टक्के शेती क्षेत्रात आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा मालक म्हणजे त्यांचे आईबापच.

आता चाकणकडे पाहावं. पिंपरी-चिंचवडमध्ये पन्नासच्या दशकापासून आणि चाकणला नव्वदीनंतर कारखाने आले, जमिनी गेल्या, चराईची रानं गेली. तरी चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि भाद्रपदात पोळा साजरा होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर शर्यतीच्या घाटात पुन्हा गाडे पळू लागले. शर्यतीच्या खोंडाला खरारा करणारं इथलं पोर शाळेतून आल्यावर हौसेनं गोठ्यात जातं. उद्या परीक्षा असली तर काका किंवा गडी ते काम करतो. आजोबांच्या वेळी हेच काम करणाऱ्या पोराला कमीपणा होता, नातवाला त्याचा तोरा आहे. काम तेच, गेली ती गरज.

म्हणून कसोटी वय, नातं किंवा घड्याळ यांच्यापेक्षा साधी हवी : आज पोर गोठ्यात आलं नाही तर काय अडेल? दुसऱ्या कुणी दावं धरलं आणि दिवस नेहमीसारखा गेला, तर ती मदत. त्याच्यावाचून जनावर उपाशी राहणार असेल किंवा घरात रुपया येणार नसेल, तर ती मजुरी, मग ते पोर सख्खं का असेना. अशा घरावर नुसती बंदी घालून भागत नाही. तिथे पोराच्या जागी दुसरे हात किंवा त्यांची किंमत पोचवावी लागते. फुल्यांनी 1882 मध्ये काढलेलं हे बिल आपण अजून पुरतं चुकतं केलेलं नाही.