एकच मैदान, वीस वर्षं : निष्ठा की निरुपाय?



या वेळच्या चिंतनाला विषय जरा लांबचा घेतला आहे. फुटबॉलचा, आणि तोही इंग्लंडमधला. "आपला काय संबंध?" असं मनात आलं तर थोडं थांबा, कारण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. एका जागी वर्षानुवर्षं राहणं म्हणजे निष्ठा, की दुसरीकडे जाता आलं नाही म्हणून राहणं? आम्हा गृहिणींना हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण तो घरात असतोच.

आधी गोष्ट सांगतो. स्विंडन हे इंग्लंडमधलं रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मोठा कारखाना तिथे १८४३ मध्ये सुरू झाला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. तिथला फुटबॉल क्लब म्हणजे स्विंडन टाऊन. त्या काळी इंग्लंडच्या लीगमध्ये चार विभाग होते. चांगलं खेळलं की वरच्या विभागात, वाईट खेळलं की खालच्या विभागात. स्विंडनचा मुक्काम बहुतेक तिसऱ्या विभागातच, मधूनमधून दुसऱ्यात. म्हणजे नाव, पैसा, गर्दी सगळं बेताचंच.

या क्लबकडून १९६० च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा खेळला. नाव जॉन ट्रॉलोप, स्विंडनच्याच परिसरातला. त्याची जागा डाव्या बाजूच्या बचावात. बचावाच्या खेळाडूचं काम आपल्या स्वयंपाकघरासारखं आहे बघा. सगळं नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि एक दिवस चुकलं की सगळ्यांना दिसतं. गोल करणाऱ्याचं नाव होतं, गोल होऊ न देणाऱ्याचं क्वचितच.

हा मुलगा तिथेच राहिला. १९८० मध्ये थांबला तेव्हा त्याचे एकाच क्लबसाठी ७७० लीग सामने झाले होते. इंग्लिश लीगमधला तेव्हाचा हा विक्रम होता. आकडा नुसता वाचून कळत नाही. तिसऱ्या विभागात एका हंगामात ४६ सामने असायचे. म्हणजे एकही सामना न चुकवता जवळजवळ सतरा हंगाम. मधल्या काळात तर त्याने सलग साडेतीनशेहून अधिक लीग सामने खेळले. १९६८ मध्ये हात मोडला तेव्हा कुठे ती साखळी तुटली.

पुढच्याच मार्चमध्ये, १५ मार्च १९६९ ला, लंडनच्या वेम्बली मैदानावर लीग कपचा अंतिम सामना झाला. समोर आर्सेनलसारखा पहिल्या विभागातला बलाढ्य संघ, पायाखाली चिखल. नव्वद मिनिटांनंतर १-१. जादा वेळेत डॉन रॉजर्सने दोन गोल केले आणि तिसऱ्या विभागातल्या स्विंडनने ३-१ असा सामना जिंकला. हात बरा होऊन ट्रॉलोपही त्या संघात होता. स्विंडनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते अर्थातच रॉजर्सचं.

इथपर्यंत ऐकलं की आपण लगेच म्हणतो, "वा, काय ही निष्ठा!" पण चिंतन करायचं तर इथेच थांबून चालत नाही. दुसरी बाजूही बघायला हवी.

ट्रॉलोप खेळायला लागला तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंसाठी नियमच वेगळे होते. कितीही चांगला खेळाडू असो, आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. ही मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली. दुसरा नियम त्याहून कठीण. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबने नाव सोडलं नाही, तर त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळताच येत नसे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने या नियमाविरुद्ध दावा लावला. १९६३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्यावर असा निर्बंध घालणं वाजवी नाही. त्यानंतरही पूर्ण मोकळीक यायला बरीच वर्षं गेली.

मग विचारावंसं वाटतं की ज्या घराला बाहेरून कडी आहे, त्या घरात राहणाऱ्याला निष्ठावान कसं म्हणायचं? आणि निष्ठेचं कौतुक करणारं तोंड कुणाचं? ज्याच्या हातात कडी, त्याचंच ना?

हे आम्हाला चांगलंच समजतं. आमच्यापैकी कित्येकींनी पदव्या घेतल्या आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं एकाच उंबऱ्याच्या आत काढली. साठीच्या, पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात कुणीतरी उठून बोलतं, "काय निष्ठेनं संसार केला हिनं!" सगळे टाळ्या वाजवतात. आणि मागच्या खुर्चीवरची एखादी पुतणी हळूच म्हणते, "काकूला दुसरा पर्याय होता कुठे?" दोघंही एकाच बाईबद्दल बोलत असतात. खरं कोण बोलतं?

आम्हाला वाटतं, दोघंही अर्धंच बोलतात. कडी बाहेरून होती की आतून, हा एक प्रश्न. आत राहून माणसाने रोज काय केलं, हा दुसरा. आपण दोन्ही एकात मिसळतो, म्हणून गोंधळ होतो.

ट्रॉलोपकडे परत बघू. क्लबने नाव धरून ठेवलं म्हणून खेळाडू क्लबमध्ये राहील, पण मैदानावर उतरेलच असं नाही. दर शनिवारी अकराच जणांना जागा. ती जुना माणूस म्हणून मिळत नाही. वीस वर्षांत स्विंडनचे किती प्रशिक्षक बदलले, प्रत्येकाचा स्वभाव निराळा, डावपेच निराळे. तरी डाव्या बचावाच्या जागेसाठी पुन्हा पुन्हा त्याचंच नाव लिहिलं गेलं. नियमाने माणूस फार तर अडकून राहतो. ७७० वेळा निवडला जायचा, तर ७७० वेळा त्या दिवसापुरतं तयार असावं लागतं. नियमाला हे काम करता येत नाही, ते त्याचं त्यालाच करावं लागलं.

म्हणजे निष्ठेचा हिशेब किती वर्षं राहिलो यावर होत नाही. वर्षं आपोआपही साचतात. त्या वर्षांतल्या साध्या दिवशी, कुणी बघत नसताना, काम मन लावून झालं का, हे बघायचं. पावसाळी शनिवार, तुरळक प्रेक्षक, हरलो तरी जिंकलो तरी वर्तमानपत्रात दोन ओळी, अशा सामन्यात पळालेला माणूसच वेम्बलीच्या चिखलात उभा राहू शकतो.

आता जे गेले त्यांचं काय? स्विंडनमध्येच बर्ट हेड नावाच्या प्रशिक्षकाने कोवळी पोरं हाताशी धरून संघ बांधला होता. ट्रॉलोप त्यातलाच, माईक समरबी आणि डॉन रॉजर्सही त्यातलेच. समरबी १९६५ मध्ये मँचेस्टर सिटीकडे गेला आणि फार मोठा झाला. रॉजर्स १९७२ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडे गेला. तिथे त्या वेळी प्रशिक्षक कोण होता? तोच बर्ट हेड. पुढे काही वर्षांनी रॉजर्स पुन्हा स्विंडनला आला. यांना कृतघ्न म्हणायचं का? स्विंडनच्या लोकांनी तर रॉजर्सला आजवर डोक्यावर घेतलं आहे. जाणं म्हणजे बेइमानी नव्हे, आणि राहणं म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. आपली मुलं हैदराबादहून, बडोद्याहून, बेळगावातून दूर नोकरीला जातात तेव्हा हे आठवावं. जो राहिला तो चांगला आणि गेला तो परका, असा निवाडा घरातल्या घरात फार लवकर होतो.

आणखी एक. निष्ठा ही मुदत ठेव नाही, की इतकी वर्षं घातली म्हणजे अमुक परत मिळेल. ट्रॉलोपला एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, हे खरं. पण १९८१ मध्ये त्याला स्विंडनचा व्यवस्थापक केलं, १९८२ मध्ये क्लब पहिल्यांदाच चौथ्या विभागात घसरला आणि १९८३ मध्ये त्याचं ते पद गेलं. वीस वर्षांचे सामने जमेला धरून कुणी सवलत दिली नाही. संस्थेला निकाल लागतात, मग ती खेळाची असो की कसली. तेवढ्याने आधीचे ७७० सामने खोटे ठरले का? नाही. ते त्या त्या दिवशीच पूर्ण झाले होते.

म्हणून या महिन्याच्या चिंतनात आपण दोन गोष्टी ठरवून बघू.

पहिली, ज्याच्या हातात दाराची कडी आहे त्याने निष्ठेवर बोलू नये. सासू असो, मालक असो, की सेवेच्या कामात आम्ही जुन्या कार्यकर्त्या असोत. आधी कडी काढावी. सुनेला नोकरी करायची आहे, मुलीला दुसऱ्या गावी शिकायचं आहे, नव्या भगिनीला या वर्षी सेवेला यायला जमत नाही, तर मोकळेपणाने "बरं" म्हणावं. जाण्याची वाट खुली असताना कुणी थांबलं, तर ते थांबणं आपण मागून घेतलेलं नसतं. ईस्टहॅमने न्यायालयात जाऊन जे मिळवलं, ते घरात आपल्याला एका शब्दात देता येतं.

दुसरी, ज्यांची वर्षं कडी लागलेल्या दाराआड गेली, त्यांनी ती वाया गेली असं समजू नये, आणि त्या काळाला सोन्याचा मुलामाही देऊ नये. पर्याय नव्हता, हे खरं असेल तर तसं स्पष्ट म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि तरीही त्या दिवसांत आजारी माणसाची उशी नीट केली, मुलाचा अभ्यास घेतला, पाहुण्याला उपाशी जाऊ दिलं नाही, तेही तितकंच खरं आहे. ते कुणी आपल्याकडून नियमाने करवून घेतलं नव्हतं.

आपल्या घरात अशी एखादी काकू, आत्या किंवा आजी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ जरा बसावं. तिला "किती निष्ठेनं केलंस" असं म्हणण्याआधी विचारावं, "तुला तेव्हा काय करायचं होतं गं?" आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावं.