हा क्रूस कोणी दिला?



"सहन कर गं बाई, हा तुझा क्रूस आहे." नवरा दारू पिऊन मारतो, असे सांगत आलेल्या बाईला आपल्याकडे बहुधा हेच उत्तर मिळते. सांगणारी कधी आई असते, कधी सासू, कधी शेजारीण. आणि लिहायला संकोच वाटतो, पण चर्चच्या पायरीवरही हेच ऐकू येते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. संसार मोडू नये एवढीच इच्छा असते. पण ह्या वाक्यात ख्रिस्ताचा क्रूस गुंतलेला आहे, म्हणून ते खरे आहे का, हे एकदा तपासायला हवे.

असे घर आपल्याला ठाऊक असते. तो पहाटेची लोकल पकडून कारखान्यात जाणारा, हाताने कसबी, शुद्धीवर असताना मुलांवर जीव टाकणारा. पगाराच्या दिवशी मात्र पाकीट घरी पोहोचेपर्यंत निम्मे झालेले. वाण्याची उधारी, मुलांची फी, भिशीचा हप्ता सगळेच थकलेले. ती चार घरची धुणीभांडी करून थोडे पैसे तांदळाच्या डब्यात लपवते आणि त्या डब्यावरूनच मार खाते. संध्याकाळी मुले त्याच्या पावलांवरून ओळखतात, आज अभ्यास होणार की नाही. रविवारी सगळे इस्त्रीचे कपडे घालून मिस्साला एका बाकावर. बाहेरच्याला काही कळत नाही, किंवा कळूनही कोणी विचारत नाही.

आता क्रूस. नाझरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४). मंदिरात त्याच्यावर दगड उचलले गेले, तेव्हा तो लपला आणि बाहेर पडला (योहान ८). हेरोद बालकाच्या जिवावर उठला, तेव्हा योसेफ रात्रीच आई-बाळाला घेऊन मिसरला गेला. तो सहन करत बेथलेहेमात बसला नाही. क्रूस येशूने स्वतः उचलला, पित्याची इच्छा म्हणून, जगाच्या तारणासाठी. दारूड्याच्या मुठीतून कोणाचे तारण होते? ना तिचे, ना त्याचे, ना कोपऱ्यात बसलेल्या मुलांचे.

काही जण संत मोनिकेचा दाखला देतात. तिचा नवरा पॅट्रिशियस तापट होता, तो रागात असताना ती उलट बोलत नसे, असे तिचा मुलगा संत अगस्तीन लिहितो. पण तोच हेही सांगतो की पॅट्रिशियसने मोनिकेवर हात उचलल्याचे कधी कोणी ऐकले नव्हते. तोंडावर वळ घेऊन फिरणाऱ्या बायका दुसऱ्या होत्या. दाखला देताना हे वगळले जाते.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत स्पष्ट आहे, पण ती आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही. १९८३ च्या धर्मविधानातील कलम ११५३ प्रमाणे जोडीदारामुळे शरीराला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण ठरते; बिशपांचा निर्णय येईपर्यंत थांबणे धोक्याचे असेल, तर ती स्वतःच्या निर्णयाने निघू शकते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली 'अमोरिस लेतिशिया' ह्या पत्रात त्याहून पुढे जाऊन म्हटले की काही वेळा असे विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक असते. विवाहबंधन त्याने तुटत नाही. ती पाप करत नाही. तिला ख्रिस्तप्रसाद नाकारण्याचे हे कारण नाही.

"पण फादर, तो आजारी आहे ना?" होय, व्यसन हा आजार आहे. मात्र कितीही पिऊन आला तरी तो सुपरवायझरवर हात उचलत नाही. घरी येईपर्यंत हात आवरलेला असतो. म्हणून आजाराला उपचार आणि मारण्याला जाब, दोन्ही हवेत. क्षमा सत्तर गुणिले सात वेळा करायची, हे खरेच. पण क्षमा मनाने करायची असते, त्यासाठी त्याच्या हाताच्या टप्प्यात राहावे लागत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्कही देतो. मग दर वेळी तिनेच पिशवी भरून माहेरी का जावे? रात्री-अपरात्री १८१ किंवा ११२ ला फोन करण्यात घराण्याची अब्रू जात नाही. ती आधीच भिंतीपलीकडे ऐकू गेलेली असते.

(लग्नाच्या मांडवात जबरदस्तीने ग्लास भरणारे आपण, ह्या चर्चेत आपला वाटा किती, हेही कधीतरी बोलू.)

आणि त्याचे काय? त्याला वाऱ्यावर सोडायचे का? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा विनाशुल्क असतात, कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट बाराव्या वर्षी कामाला लागला आणि तेव्हाच पिऊ लागला. १८८४ साली एका शनिवारी खिशात दमडी नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने पाजली होती, ते मित्र शेजारून निघून गेले. कोणी त्याला प्यायला बोलावले नाही. तो घरी गेला आणि आईला म्हणाला, मी दारूबंदीची शपथ घेतो. पाळणार असशील तरच घे, असे तिने बजावले. १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यात त्याने प्राण सोडला, तोवर एकेचाळीस वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. १९७५ साली पोप सहावे पॉल ह्यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले. त्याची पहिली शपथ फक्त तीन महिन्यांची होती.