धसकटं वेचताना



पेरणीआधी शेतकरी रानातली धसकटं वेचतो. धसकटं म्हणजे कापणीनंतर जमिनीत उरलेले ताटांचे बुडखे. गेल्या हंगामात त्याच ताटांवर टपोरी कणसं डुलत होती. पण धसकटं तशीच ठेवली, तर पेरणीची तिफण अडते. म्हणून तो वाकून एकेक धसकट उपटतो आणि बांधावर टाकतो. मागच्या पिकावर त्याचा राग नसतो. त्याला पुढचं पीक घ्यायचं असतं.

मागचं सोडून पुढचं घ्यायचं म्हटलं, की सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवतात. सैन्यातले तरबेज मुष्टियोद्धे. १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, पाय निकामी झाले, मुष्टियुद्ध कायमचं सुटलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. ठोसे मारणारे हात पाणी कापू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण! गेलेल्या पायांपाशी ते अडून बसले नाहीत. उरलेल्या हातांवर त्यांनी भरवसा ठेवला.

मंडळी, आपल्याही मनात धसकटं असतात. हुकलेली संधी, तुटलेलं नातं, जिव्हारी लागलेला एखादा शब्द. ती सोडायची म्हणजे सगळं विसरायचं असं नाही. वाट अडवणारं तेवढं बाजूला करायचं. एका दिवसात रान साफ होत नाही, पण आज सकाळी एक धसकट तरी उपटूया. जमीन आपलीच आहे, आणि पेरणीची वेळ अजून गेलेली नाही.