कबरीपाशी आलेला राग

चांगलं माणूस अकाली गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, देवाला आवडलं. म्हणणाऱ्याच्या पोटात माया असते, नाही असं नाही. पण चाळिशीची लेक गमावलेल्या आईनं त्यातून काय समजायचं? आवडली म्हणून देवानं उचलून नेली? अशा देवापुढे हात जोडायचे ते भीतीनंच.

ख्रिस्ती दफनाच्या वेळी पुष्कळदा योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय वाचतात. बेथानी हे येरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचं गाव. तिथला लाजर आजारी पडला, बहिणींनी येशूला निरोप धाडला, आणि तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. आधी मार्था, मागून मरीया, दोघींनी एकच गाऱ्हाणं घातलं : वेळेवर आला असतास तर भाऊ वाचला असता. 'असं बोलू नये' म्हणून त्यानं एकीलाही गप्प केलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया रडत पायाशी पडली, तेव्हा मात्र शिकवण मागे राहिली आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते वचन ग्रीकमध्ये अवघ्या तीन शब्दांचं आहे.

त्याच्या मागेपुढे एक क्रियापद दोनदा येतं, एम्ब्रिमाओमाइ. मला ते अश्रूंहूनही मोलाचं वाटतं. घोड्याचं फुरफुरणं, माणसाचं संतापून खडसावणं, असा त्याचा अर्थ. बऱ्याच भाषांतरांत ते मवाळ होतं आणि नुसती व्याकुळता उरते. हा राग कुणावर? काही भाष्यकार म्हणतात, भोवतीच्या लोकांच्या अविश्वासावर. काही म्हणतात, मरणावर. मी या दुसऱ्यांच्या बाजूचा. प्रेषित पौलानंही मरणाला शत्रूच म्हटलंय, अगदी शेवटी नष्ट व्हायचा शत्रू. लाजराला घटकाभरात उठवायचं हे ठाऊक असलेला येशू कबरीपाशी शांत नाही. म्हणजे पुनरुत्थानाच्या आशेनं मरण गोड होत नाही. कोवळ्या वयातलं मरण तर नाहीच. श्रद्धावंतानं रडू नये, चिडू नये, ही अट माणसांनी घातलेली.

लाजर उठला खरा, पण पुढे कधीतरी तो पुन्हा मेलाच असणार. तेव्हा कुणी त्याला हाक मारून बाहेर काढलं नाही. त्या दिवशी बहिणींपाशी चमत्कार नव्हता. आपल्या भावासाठी कोण रडलं होतं आणि त्याच्या मरणावर कोण चिडलं होतं, एवढंच त्यांनी पाहिलेलं होतं.

चाळिशीची लेक गमावलेली अशीच एक आई म्हणजे पंडिता रमाबाई. बायबल हिब्रू-ग्रीक मुळावरून मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची अनेक वर्षं घातली. १८८२मध्ये पती गेले तेव्हा त्यांची मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात तीच आईचा उजवा हात झाली. जुलै १९२१मध्ये ती गेली, चाळीस वर्षांची. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. मधल्या आठ महिन्यांत त्या खचलेल्या, अंगानं थकलेल्या, आणि पुढ्यात भाषांतराचे कागद.