रिकाम्या हातातली हिंसा

भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय हे जैन मंदिर आहे आणि उत्तनच्या बाजूला धारावीचा किल्ला. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. अहिंसेला परमधर्म मानणारी जैन कुटुंबे मोठ्या संख्येने असलेल्या मीरा-भाईंदरमध्ये युद्धकला शिकवताना पोरांच्या हाती काठी द्यावी का, या प्रश्नावर सहज सुचणारा तोडगा असा: कराटे चालेल, शस्त्र नको. मला तो पटत नाही. फिलिपिन्सच्या आर्निसमध्ये (२००९ च्या कायद्याने ती तिथली राष्ट्रीय युद्धकला ठरली) बहुधा आधी वेताची काठी शिकवतात, रिकामे हात नंतर. काठीने गिरवलेला तिरका वार पुढे सुरीने होतो आणि शेवटी नुसत्या हातानेही तोच. म्हणजे काठी खाली ठेवली तरी वार अंगात उरतोच. आपल्याकडे फरी-गदका खेळलेल्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

भरत-बाहुबली या भावांची जैन कथा याच मुद्द्यावर उभी आहे. सैन्ये मरू नयेत म्हणून दोघांनी शस्त्राविना द्वंद्व ठरवले. हरणाऱ्या भरताने चक्र सोडले, ते भावावर चालले नाही. श्वेतांबर परंपरेत खरा पेच त्यानंतर येतो. बाहुबली मूठ उगारतो आणि मारता मारता थांबतो, मग त्याच हाताने स्वतःचे केस उपटून दीक्षा घेतो. हिंसा तिथे रिकाम्या मुठीत होती. तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथही हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात शोधते, हत्यारात नाही. समोरच्याच्या बोटांपासून वीतभर अंतर राखत जोडीने काठ्या फिरवणे हा प्रमाद घालवण्याचाच सराव आहे.

यावर जाणकार श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, हिंसादानाचा आक्षेप घेईल: इतरांना हिंसेची साधने पुरवणे हे अनर्थदंडात मोडते, मग विद्या देणारा सुटतो कसा? आक्षेप वजनदार आहे, पण अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन पाप. गृहस्थाला संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा पूर्ण वर्ज्य असली तरी स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा शास्त्राने वेगळी धरली आहे. तिची तयारी निष्प्रयोजन म्हणता येत नाही. उलट, अडाणी माणूस घाबरला की डोक्यातच घालतो. आर्निसमध्ये शस्त्र धरलेल्या हातावर मारायलाही शिकवतात. धोका टळतो आणि माणूस वाचतो. जितके कौशल्य अधिक, तितकी कमी इजा करून भागवण्याची शक्यता अधिक. कौशल्याने उन्मादही येतो, हे मात्र नाकारता येत नाही. ‘तीन वारांत गारद’ अशी जाहिरात करणारा वर्ग मी बेधडक हिंसादानातच मोजीन, मग तिथे काठी असो वा नसो. वर्ग निवडताना आईबापांनी हत्यारांची यादी बघू नये. शिक्षक पहिल्या महिन्यात मुलाला थांबायला शिकवतो की नाही, ते बघावे.