शेपूट कुणीकडे?

आकाशाची बंडी शिवायची म्हटलं की रंगावर घोडं अडेल असं वाटतं. तसं होत नाही. वर गडद निळं सुती कापड, मधे कापसाचा पातळ थर, आत मऊ अस्तर, एवढं पटकन ठरतं. अडतं ते सूर्यापाशी. पाठीवर २२ सेंटिमीटरचा पिवळा सूर्य लावला, तर त्या मापात पृथ्वी म्हणजे दोऱ्याची २ मिलिमीटरची गाठ. आणि ती गाठ मारायची सूर्यापासून सुमारे २४ मीटरवर. बंडी संपते, घर संपतं, गल्ली सुरू होते.

अमेरिकेत आयोवातल्या एलेन हार्डिंग बेकर यांनी लोकरी कापडाच्या गोधडीवर अख्खी सूर्यमाला उभी केली. तिच्यावर १८७६ हे साल भरलेलं आहे. मधे सूर्य, भोवती ग्रहांच्या कक्षा, कोपऱ्यात धूमकेतू. आसपासच्या गावांत खगोलशास्त्रावर व्याख्यानं देताना त्या ही गोधडी दाखवत. लेकरांचा संसार सांभाळून त्यांनी हे केलं, आणि चाळिशीच्या आत त्या गेल्या. गोधडी आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिच्यातली अंतरं प्रमाणात नाहीत. कापडावर ती मावणारच नाहीत. पण मधे कोण आणि कोण कुणाभोवती फिरतं, हे त्यांनी ढळू दिलं नाही. शिकवायला तेवढं पुरलं.

मलाही अंतर सोडावं लागतं. दिशा मात्र सोडवत नाही. धूमकेतू भरताना हात आपसूक पळत्या घोड्यासारखी शेपूट मागे काढू पाहतो. खरी शेपूट सूर्याकडे पाठ करून असते. सूर्यापासून दूर जाताना तर ती धूमकेतूच्या पुढे चालते! शेपट्याही दोन: सौरवाऱ्यानं ढकललेल्या वायूची निळसर, सरळ, धुळीची पिवळट, जराशी वळलेली. पहिलीला रेशमाचा एकेरी धागा, दुसरीला जवळजवळ घातलेला धावदोरा.

माझा धूमकेतू डाव्या मुंढ्याखाली आहे. सूर्य पाठीवर, म्हणून शेपूट कुशीवरून पुढे, काजपट्टीकडे जायला हवी. टाका तिन्ही थरांतून जातो, एकदा घातला की उसवणं जिवावर येतं. म्हणून कापड सपाट पसरून सूर्याच्या मध्यावर दोऱ्याचं टोक धरते, दोरा धूमकेतूवरून ताणते आणि मगच खडूची रेघ मारते.