आबांचा इस्त्रीचा सदरा

गिरणी संपावर लिहिणारे बहुतेक जण पगार, बोनस आणि डॉ. दत्ता सामंतांपाशी थांबतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या बापांचं घरातल्या पोरांशी काय झालं, ते फारसं कुणी लिहीत नाही.

आम्ही तेव्हा घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर राहायचो. डॉक्टरांचा दवाखाना पंतनगरात, म्हणून वस्तीला ते घरचेच वाटायचे. आबा सातारकडचे. गावात त्यांची ओळख एकच, मुंबईचा गिरणीवाला. यात्रेला गेले की अंगात इस्त्रीचा सदरा, भावकीच्या पोरांना खाऊ, आणि कुणी उसने मागितले तर नाही म्हणायचं नाही.

संप लांबला तरी आबा रोज तोच सदरा घालून निघायचे. युनियनच्या कामाला, असं आम्हाला सांगितलेलं. जायचे मुलुंडला, हमालीला. घाटकोपरात ओळखीचं कुणी बघेल म्हणून मुलुंड. हे आम्हाला कळलं ते आबा गेल्यावर, आईकडून. "पोरांना सांगा की," असं ती म्हणायची, तर आबांचं ठरलेलं उत्तर, "पोरांनी बापाच्या पाठीवर पोतं बघायचं न्हाई."

यात माया होती, शंकाच नाही. पण पोरांवर किती आणि सदऱ्यावर किती? दमलेला माणूस भिंतीकडं तोंड करून निजतो, हाक मारली की खेकसतो. पोराला कारण ठाऊक नसलं की ते शोधतंच, आणि हाताशी सापडतं ते स्वतःचंच. गणितात मार्क कमी पडले म्हणून आबा बोलत नाहीत, असं मी दोन वर्षं धरून होतो. पोतं दिसलं असतं तर मी त्यांची पाठ चोळून दिली असती, असं आज वाटतं. (त्या वयात एवढं शहाणपण असतंच असं नाही, तेही खरं.)

आईचं उलट. मुलुंडचं तेवढं सोडून तिने काही लपवलं नाही. डब्यात तांदूळ किती, वाण्याची उधारी किती, आबांना रात्री झोप कशी लागत नाही, सगळं थोरल्या ताईपाशी. ताई तेव्हा अकरा वर्षांची. मनातलं सगळं पोरांपुढं मोकळं करावं म्हणणाऱ्यांनी ताईकडं बघावं. आईचं रडणं ऐकता ऐकता तिला स्वतःचं रडायला जागाच उरली नाही. मी आबांपासून लांब गेलो. ताई आईच्या इतकी जवळ गेली की तिची लेक राहिलीच नाही.

ताई आता बोरिवलीला असते. २०२० च्या टाळेबंदीत दाजींची नोकरी गेली. त्यांनी दोन्ही पोरांना समोर बसवून सांगितलं, "नोकरी गेलीय. माझी चिडचिड होईल, ती तुमच्यावरची नसेल. पैशाचं मी आणि आई बघू."

ताईचा मला फोन, चिडून. "एवढं कशाला सांगायचं रे पोरांना?"

"मग पोरं काय म्हणाली?"

ताई जरा थांबली. "धाकटा म्हणाला, मग आता संध्याकाळी कॅरम खेळायला वेळ असंल का तुम्हाला?"